कुंड्या नंतर, खिडकी आधी

नव्या फ्लॅटची अंतर्गत सजावट करून देणाऱ्यांच्या जाहिरातींत ‘निसर्गाच्या सान्निध्यातलं घर’ हे शब्द आता हमखास दिसतात. आराखडा हातात आला की त्यातला निसर्गही साधारण ठरलेला असतो. टीव्हीमागच्या भिंतीवर रंगवलेल्या शेवाळाची चौकट, छताला लाकडाच्या रेषा छापलेलं लॅमिनेट, सोफ्याशेजारी अरेका पाम, बाथरूममध्ये गुळगुळीत गोटे. त्याच आराखड्याच्या पुढच्या पानावर बेडरूमची बाल्कनी आत घेऊन खोली चार फुटांनी वाढवलेली असते, खिडकीला अंधार करणारे जाड पडदे असतात आणि एसीसाठी वरची झरोक्याची जागा कायमची बंद केलेली असते. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. घराला निसर्ग लागतो तो ऊन, वारा, सावली, पावसाचा गारवा आणि दिवस कुठवर आला याची जाणीव या रूपात. हे सगळं खिडकीतून, गॅलरीतून आणि दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेतून येतं. ते येत असेल तर एका कुंडीनेही घर हिरवं वाटतं, आणि ते तुटलं असेल तर पन्नास कुंड्या आणूनही फरक पडत नाही. शिवाय ते येणार की नाही, हे सजावटकाराने घरात पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी, इमारतीचा नकाशा मंजूर होतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून घरातल्या निसर्गाची चर्चा सजावटीच्या पुरवणीतून उचलून बांधकाम नियमावलीपर्यंत आणि पुनर्विकासाच्या करारापर्यंत नेली पाहिजे.

आधी झाडांविषयी बोलू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. स्नेक प्लँट, पीस लिली, मनीप्लँट विकताना ‘हवा शुद्ध करणारं झाड’ अशी चिठ्ठी लावलेली असते. या समजुतीचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या एका प्रयोगात आहे. अंतराळातल्या बंदिस्त निवासात हवा स्वच्छ कशी ठेवायची, हा बी. सी. वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न होता. त्यांनी हवाबंद पेट्यांमध्ये झाडं ठेवली, आत बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी रसायनं सोडली आणि ती किती कमी होतात हे मोजलं. ती कमी झाली. प्रयोगात खोट नव्हती, खोट आहे ती त्याचा निष्कर्ष राहत्या घराला चिकटवण्यात. घर हवाबंद पेटी नसतं. दार उघडतं, खिडकीच्या फटीतून वारा शिरतो, स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वेअरिंग यांनी २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. इमारतीत एरवी सहज होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असा हिशेब निघाला. दहा बाय बाराची खोली साधारण ११ चौरस मीटरची असते. म्हणजे सगळ्यात उदार आकडा धरला तरी ११० कुंड्या. एवढ्या कुंड्या मांडल्यावर माणसाला उभं राहायला जागा उरणार नाही, आणि तेच काम समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की काही मिनिटांत होतं.

याचा अर्थ झाडं बिनकामाची आहेत असा नाही. झाडाकडे पाहून माणसाला बरं वाटतं, हे निव्वळ कविकल्पनेवर सोडून द्यावं असं विधान नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग, धूम्रपान अशा गोष्टींत सारख्या असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं होती, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्याच वर्षी एडवर्ड विल्सन यांचं ‘बायोफिलिया’ हे पुस्तक आलं. सजीवांकडे ओढा असणं माणसाच्या स्वभावातच आहे, हा विचार तेव्हापासून वास्तुरचनेच्या क्षेत्रात रुजत गेला आणि आज सजावटीच्या जाहिरातींत त्याचाच दाखला दिला जातो. पण उलरिच यांच्या अभ्यासात रुग्णाच्या उशाशी कुंडी नव्हती. झाड बाहेर होतं, जमिनीत उभं होतं, त्याची पानं वाऱ्याने हलत होती आणि दिवसभर त्याच्यावरचा उजेड बदलत होता. नोंदीसुद्धा फक्त मे ते ऑक्टोबरमधल्याच घेतल्या होत्या, कारण बाकीच्या महिन्यांत तिथली झाडं निष्पर्ण असतात. फरक पडला तो खिडकीमुळे आणि खिडकीपलीकडे काहीतरी जिवंत असण्यामुळे.

घरातला उजेड किती कमी असतो, हे डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. भर उन्हात बाहेर प्रकाशाची पातळी एक लाख लक्सच्या घरात जाते, ढगाळ दिवशीही ती काही हजार असते आणि दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत दोनशे-तीनशेच्या आसपास. माणूस फसतो, झाड फसत नाही. खिडकीपासून दूर, शोकेसवर ठेवलेला मनीप्लँट नीट पाहावा. दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं, पानांवरचे पिवळे-पांढरे चट्टे नाहीसे होऊन सगळं पान गडद हिरवं होतं आणि वेल जिकडून उजेड येतो तिकडे मान वळवून लांब लांब जाऊ लागतो. खोली अंधारी आहे हे तो सांगत असतो. त्यावर आपण काय करतो? झाड बदलतो. ‘आमच्याकडे झाडं जगत नाहीत’ असं म्हणत हाताला दोष देतो आणि पुढच्या वेळी कमी उजेडात तगणारी जात आणतो. तुळशीचं तर विशेष आहे. ती उन्हाची वनस्पती. अंगणातल्या वृंदावनात तिला दिवसभर ऊन मिळे. फ्लॅटमध्ये ती वर्षातून दोन-तीनदा नव्याने आणावी लागते, कारण तिला पुरेसं ऊन लाभेल अशी जागाच घरात उरलेली नसते. बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये, वाळत टाकलेली फडकी आणि एसीचं यंत्र यांच्या मधे तिला कशीबशी जागा मिळते. ज्या घरात तुळस जगत नाही, त्या घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना किती उजेड मिळतो, हा प्रश्न मला सजावटीपेक्षा फार मोठा वाटतो.

खिडकीचंच बघा. गेल्या तीन दशकांत आपल्या शहरांमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीने लाकडी पल्ल्यांची खिडकी जवळजवळ संपवली. तिला रंग लागत नाही, पावसात ती फुगत नाही, उघडायला जागा लागत नाही, हे सगळं खरं. पण दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीत एक पल्ला दुसऱ्यावर सरकतो, म्हणजे ती पूर्ण उघडली तरी अर्धी बंदच राहते. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी जवळजवळ सगळी मोकळी होते. हा फरक सरकारलाही मान्य आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात सरकत्या दुपल्ली खिडकीचा ५० टक्केच भाग उघडणारा धरला जातो आणि बाहेर उघडणाऱ्या खिडकीचा ९० टक्के. उष्ण-दमट हवामानात, म्हणजे मुंबई-कोकण-गोव्याच्या पट्ट्यात, खिडक्या-दारांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावा, असं ती सांगते. साडेचारशे चौरस फुटांच्या घराला हा भाग पंचाहत्तर चौरस फूट येतो. अशा घरात चार बाय चारच्या तीन सरकत्या खिडक्या आणि सहा बाय सातचा एक सरकता दरवाजा असेल, तर हिशेबात धरता येणारा भाग भरतो पंचेचाळीस. काच मात्र नव्वद चौरस फूट दिसते, म्हणून विक्रीच्या माहितीपत्रकात ‘प्रशस्त खिडक्या’ असं लिहिता येतं. उजेड आत येतो, उष्णता आत येते, वारा अर्धाच येतो. मग एसी लागतो, आणि एसी लागला की उरलेली अर्धी खिडकीही बंद होते.

गॅलरीची कथा याहून बोलकी आहे. मुंबईच्या १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे अशा जागा एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याच्या, मोजणीतून वगळल्या जात. त्यामागचा हेतू चांगला होता. बिल्डरला बांधकामाच्या हक्कातून काही गमवावं न लागता घराला उघडी जागा मिळावी, खिडकीखाली थोडी माती आणि चार फुलझाडं असावीत. प्रत्यक्षात मंजूर नकाशात फ्लॉवर बेड म्हणून दाखवलेली स्लॅब खोलीच्या जमिनीच्या पातळीला आली, खिडकी बाहेर सरकली आणि फुलझाडांची जागा पलंगाच्या डोक्याकडची जागा झाली. फुकट मिळालेल्या चौरस फुटांचे पैसे मात्र ग्राहकाने पूर्ण मोजले. हे सर्रास होऊ लागलं, तेव्हा २०१२ च्या जानेवारीत नियम बदलण्यात आले. या सगळ्या जागा एफएसआयमध्ये मोजायचं ठरलं आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे जादा, एफएसआय देण्यात आला. नकाशातली लबाडी थांबली, हे मोठंच काम झालं. पण बाल्कनीचा चौरस फूट आणि बेडरूमचा चौरस फूट एकाच तराजूत आल्यावर बाल्कनी बांधण्याचं कारणही संपलं, आणि नंतर उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींत ती दिसेनाशी झाली. यात सगळा दोष बिल्डरांवर टाकता येणार नाही. जिथे गॅलरी मिळाली तिथे ती आत घेणारे आपणच आहोत. घर लहान, माणसं जास्त, मुलाला अभ्यासाला जागा हवी, ही गरज खोटी नाही. फक्त चार फुटांची जागा मिळवताना मागची सबंध खोली अंधारी झाली, हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही.

उजेड आणि हवा ही चैनीची बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुंबईचाच इतिहास पाहावा. १८९६ साली शहरात प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींमध्ये त्याने थैमान घातलं. त्यातून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्लेग पसरतो तो उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांमुळे, हे तेव्हा पुरतं उमगलेलं नव्हतं, आणि ट्रस्टने गरिबांची घरं पाडून अनेकांना बेघर केलं हेही विसरता येत नाही. पण ट्रस्टच्या कारभारातून एक नियम पुढे आला, तो आजही शहाणपणाचा आहे. खिडकीच्या तळाशी साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेषा काढायची आणि समोरच्या इमारतीने ती ओलांडायची नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन या नियमाची बाजू मांडली होती. त्याचं गणित सोपं आहे. त्या कोनाचा अर्थ असा की समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मधे असलं पाहिजे. वीस मीटर उंची असेल तर दहा मीटर अंतर.

आता शंभर वर्षांनंतरच्या मानखुर्द-गोवंडीला या. प्रकल्पग्रस्त आणि झोपडपट्टीवासीयांसाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत बहुमजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. ट्रस्टचा हिशेब लावला तर तीन मीटर अंतराला सहा मीटर उंची बसते, म्हणजे दोन मजले. खालच्या घरांमध्ये भरदुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने केलेला या वसाहतींचा अभ्यास २०१८ साली समोर आला, तेव्हा इमारतींची दाटी, ऊन आणि वाऱ्याचा अभाव यांचा क्षयरोगाशी संबंध त्यात दिसून आला. शेजारच्या, तुलनेने मोकळ्या बांधलेल्या पीएमजीपी कॉलनीत क्षयरोगाचं प्रमाण बरंच कमी होतं. पेरूची राजधानी लिमा इथे आठ रुग्णालयांमध्ये झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या उघड्या ठेवल्या की हवेची अदलाबदल यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांपेक्षाही कितीतरी जास्त होते, असं त्यात आढळलं. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, तेव्हा याचा अर्थ उघड आहे. शेवाळाची चौकट आणि अरेका पाम यांच्या चर्चेत मानखुर्दचं नाव कधी येत नाही. मला ते आलंच पाहिजे असं वाटतं, कारण घरात निसर्ग असण्या-नसण्याची सगळ्यात मोठी किंमत तिथली माणसं मोजत आहेत.

या टप्प्यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘जुने वाडे किती छान होते’ हा गळा काढून काय उपयोग? वाड्यांची आठवण काढताना चौक, ओसरी, पडवी, परसातला आड, शेणाने सारवलेली गार जमीन हे सगळं डोळ्यांपुढे येतं, आणि माजघर विसरलं जातं. तिथे दिवसाही काळोख असे, चुलीचा धूर कोंडे, आणि घरातल्या बायकांचं आयुष्य त्याच भागात जाई. चौकातलं ऊन सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नव्हतं, आणि गावातल्या किती माणसांना वाडा सोडा, भक्कम भिंतीचं घरही नव्हतं. म्हणून वाडा जसाच्या तसा आणावा, असं कुणी म्हणू नये. त्यातली युक्ती मात्र घ्यावी. चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि भोवतालच्या खोल्यांतून गार हवा ओढली जाते. पडवीमुळे ऊन आणि पाऊस मुख्य भिंतीला लागत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या असत, त्यामुळे झगमगाट न होता दुधाळ उजेड आत येई, आणि हिंदू घरांतलं राजांगण आत आभाळ आणून ठेवी. ही सगळी व्यवस्था घरोघरी वीज येण्याआधीची, म्हणजे हवामानाशी रोज गाठ असलेल्या माणसांनी पारखून घेतलेली आहे.

उंच इमारतीत आणि थोड्या पैशांत हे जमत नाही, असं यावर म्हटलं जाईल. चार्ल्स कोरिया यांनी दोन्ही बाबतींत हे करून दाखवलं आहे. मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘कांचनजंगा’ या २८ मजली इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्यासारख्या आहेत. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं तापलेलं ऊन आणि पावसाची झोड यांचीही दिशा तीच. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळून हा पेच सोडवला होता, कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला. ती इमारत श्रीमंतांची होती, हे कबूल. पण त्याच दशकात सिडकोसाठी त्यांनी बेलापूरला जी वसाहत आखली, ज्याला आज सगळे आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात, ती वेगवेगळ्या उत्पन्नगटांसाठी होती. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, छोटे भूखंड, सात-सात घरांच्या मधे एक सामाईक अंगण, आणि प्रत्येक घराला स्वतःचा आभाळाखालचा तुकडा. पुढे त्यातली बरीच घरं पाडून तिथे मोठी बांधकामं झाली. तरी थोड्या जागेत, थोड्या पैशांत आभाळ घरात घेता येतं, हे तिथे एकदा सिद्ध झालेलं आहे.

खिडकी उघडा म्हणणाऱ्याला सगळ्यात जोरदार उत्तर मिळतं ते धूळ, डास, गोंगाट आणि प्रदूषणाचं. हिवाळ्यात मुंबई-पुण्याची हवा इतकी बिघडते की सकाळी खिडकी बंद ठेवणंच बरं, असे दिवस येतात हे खरं आहे. रस्त्याकडेच्या घराला हॉर्नचा त्रास असतो. यावर एकच एक उपाय नाही, आणि असल्याचा दावा मी करणार नाही. पण बंद घरातली हवा स्वच्छ असते, हे गृहीतकही तपासून पाहावं. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांच्या चिकट रसायनांतून फॉर्माल्डिहाइड महिनोन्महिने सुटत राहतो. नव्या कपाटाचं दार उघडलं की डोळ्यांना झोंबतो तो बहुधा हाच वायू, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लाकडाचा भास देणाऱ्या खोलीत हा वायू कोंडत असेल, तर तिथे निसर्ग आणला असं कसं म्हणायचं? फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप हेही त्याच हवेत मिसळतात. डासांच्या भीतीने खिडकी लावून कॉइल पेटवणाऱ्यांनी २००३ सालचा एक अभ्यास लक्षात ठेवावा: एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात. खिडकीला जाळी लावणं याहून कितीतरी स्वस्त आणि सुरक्षित आहे. डासांचा विचार करायचाच, तर कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्याचाही करावा, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराघरांत अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासली की त्याचं चक्र तुटतं.

सगळीकडे सगळ्या खिडक्या उघड्या टाकाव्यात, असाही आग्रह नको. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. तिथे दिवसा बंद, रात्री आणि पहाटे उघडं हीच रीत, आणि खिडकीवर ओला वाळ्याचा पडदा ही तिथली जुनी, निव्वळ पाण्यावर चालणारी युक्ती. कोकणात मात्र हवेत आधीच दमटपणा असतो, तिथे वाळ्याचा उपयोग नाही, वाहता वाराच हवा. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर, एवढं मात्र दोन्हीकडे खरं. छज्जा, बाहेरची चटई, वेल चढवलेली जाळी यांनी ऊन काचेला लागण्याआधीच थांबतं. आतला पडदा कितीही जाड असला तरी उष्णता काचेतून आत आल्यानंतरच त्याला भेटते. तरीही नव्या इमारतींचे छज्जे आखूड होत होत नाहीसे झाले, आणि पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत काच लावून तिला ‘सूर्यास्ताचं दृश्य’ म्हणून विकणं सुरू आहे.

हे सगळं बदलण्याची संधी आज मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या हजारो गृहनिर्माण संस्थांच्या हातात आहे, कारण त्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वसाधारण सभांमध्ये जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन, यांवर रात्र रात्र वाद होतात. मागच्या इमारतीपासून किती अंतर राहील, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खरं तर रेराच्या २०१६ सालच्या कायद्यात चटई क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात बाल्कनी धरलेली नाही. तेव्हा ‘आम्हाला इतकं कार्पेट आणि त्याशिवाय इतकी उघडी बाल्कनी’ असं वेगळं लिहून घेता येतं. खिडक्या सरकत्या हव्यात की बाहेर उघडणाऱ्या, पश्चिमेला किती फुटांचा छज्जा असेल, स्वयंपाकघर आणि संडास यांच्या खिडक्या मोकळ्या आभाळाखाली उघडतात की डक्टमध्ये, हे निविदेतच लिहिता येतं. सूर्य सगळ्यात खाली असतो त्या २१ डिसेंबरला कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या घरात किती तास ऊन येईल, याचं चित्र वास्तुविशारदाचं संगणक-सॉफ्टवेअर सहज काढून देतं. सभासदांनी करारावर सही करण्याआधी ते मागितलं पाहिजे, आणि पहिल्या दोन मजल्यांवर राहायला जाणाऱ्यांनी तर आवर्जून.

मात्र संस्थेने कितीही लिहून घेतलं तरी शेजारच्या भूखंडावर काय उभं राहील हे तिच्या हातात नसतं. ते पालिकेच्या हातात आहे. मुंबईत दोन इमारतींमधली आवश्यक मोकळी जागा कमी पडत असेल, तर अधिमूल्य भरून ती तूट माफ करून घेता येते आणि हे सर्रास केलं जातं. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसाचा उजेड बिल्डर पैसे भरून विकत घेतो आणि ते पैसे पालिकेच्या तिजोरीत जमा होतात. ज्याचं ऊन गेलं त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही, आणि बहुतेकदा त्याला या व्यवहाराची खबरही नसते. ही सवलत सरसकट रद्द केली तर अरुंद भूखंडांवरच्या अनेक जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडेल, ही प्रशासनाची अडचण मी समजू शकतो. पण निदान तीन गोष्टी ताबडतोब करता येतील. पुनर्वसनाच्या इमारतींना ही सवलत अजिबात देऊ नये, कारण तिथल्या रहिवाशांना दुसरं घर निवडण्याची मुभाच नसते. इतरत्र ती देण्याआधी समोरच्या घरांचं किती तासांचं ऊन जाणार आहे, याचा हिशेब फाइलला जोडणं सक्तीचं करावं. आणि ज्यांच्या खिडकीपुढची जागा कमी होणार आहे, त्या घरांना आधी लेखी नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आयुक्तांनी सही करू नये.